गळकी बादली आणि हौद

मे महिन्याच्या अखेरीला मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की वृश्चिकेतली तांबूस ज्येष्ठा चटकन सापडते. तिच्यापासून सरळ वर, हात लांब करून धरलेल्या वितीपेक्षा थोड्या कमी अंतरावर, एक मध्यम तेजाचा तारा आहे. तो भुजंगधारी या तारकासमूहातला झीटा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर त्यात लक्ष वेधून घेण्यासारखं काहीच नाही. पण हा तारा अतिशय तप्त आहे, त्याचा प्रकाश निळसर आहे, आणि तो आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी विरळ वायूच्या एका ढगातून गाळून येतो. या प्रकरणाची सुरुवात त्या गाळणीपासून होते.

कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेची १०० इंची दुर्बीण वॉल्टर अॅडम्स यांनी या ताऱ्याकडे रोखली आणि त्याचा वर्णपट घेतला. जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, ३८७ नॅनोमीटरच्या आसपास, त्यांना केसासारख्या बारीक काळ्या रेघा मिळाल्या. त्या ताऱ्याच्या नव्हत्या. वाटेतल्या ढगातल्या सायनोजेन रेणूंनी (एक कार्बन, एक नायट्रोजन) ताऱ्याच्या प्रकाशातून तेवढा घास काढून घेतला होता. एक रेघ ठळक होती, तिच्या शेजारची फिकी. ठळक रेघ स्वस्थ बसलेल्या रेणूंची आणि फिकी रेघ गरगरत असलेल्या रेणूंची. कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या वेधशाळेत काम करणाऱ्या अँड्र्यू मॅकेलर यांनी या दोन रेघांच्या गडदपणाचं प्रमाण मोजलं, गणित केलं आणि १९४१ साली उत्तर छापलं : या रेणूंचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.३ अंश, म्हणजे २.३ केल्विन.

पुढची चोवीस वर्षं या आकड्याकडे कोणी फारसं बघितलं नाही. रेणूंच्या वर्णपटाचे त्या काळातले सर्वांत मोठे जाणकार गेऱ्हार्ड हर्झबर्ग यांनी आपल्या ग्रंथात त्याची नोंद घेतली, पण या तापमानाला फारसा अर्थ नाही असं सुचवून ते पुढे गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या जागी दुसरं कोणीही असतं तरी हेच झालं असतं. रेणूचं तापमान म्हणजे नेमकं काय, आणि ते सभोवतालच्या वायूच्या तापमानाहून वेगळं का असू शकतं, हा प्रश्न वरवर दिसतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. तो एकदा सुटला की काळ्या ढगांमधून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रेडिओ संदेशाचा अर्थ लावता येतो.

आधी गरगरण्याविषयी. मुलाच्या हातातला भोवरा हव्या त्या वेगाने फिरतो, हळूहळू मंदावतो, डुलतो, पडतो. रेणूला ही मोकळीक नाही. पुंज सिद्धांताने त्याला ठरावीक वेगच नेमून दिले आहेत. एकतर तो अजिबात फिरत नाही, किंवा पहिल्या वेगाने फिरतो, किंवा दुसऱ्या. अधलंमधलं काही नाही. जिन्याच्या पायऱ्यांसारखंच हे आहे : पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मधल्या हवेत उभं राहता येत नाही. वरच्या पायरीवर चढलेल्या रेणूला भौतिकशास्त्रात ‘उत्तेजित’ म्हणतात. मराठीत हा शब्द उगाचच भडक वाटतो. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूला पहिल्या पायरीवर चढवायला जी ऊर्जा लागते, ती साडेपाच केल्विन तापमानाशी जुळते. एवढ्या थंडीत हवा गोठून दगड झालेली असते आणि रेणू मात्र ‘उत्तेजित’!

खाली उतरताना रेणू ती ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपात फेकतो. पायरी बुटकी असल्यामुळे प्रकाशकणही अशक्त असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, रेडिओ लहरीच्या रूपात येतो. कार्बन मोनॉक्साइडची पहिली पायरी उतरली की २.६ मिलिमीटर तरंगलांबीची लहर निघते, वारंवारता ११५.२७ गिगाहर्ट्झ. पायऱ्यांची उंची रेणूगणिक वेगळी असते. त्यामुळे वारंवारता अचूक मोजली की रेणूचं नावगाव कळतं.

आता खरा प्रश्न : रेणू वर चढतो कशाने? वाटा दोन आहेत. एक म्हणजे धक्का. ढगातल्या दुसऱ्या रेणूशी, बहुतेक वेळा हायड्रोजनच्या रेणूशी, टक्कर होते आणि त्या धक्क्याने तो फिरू लागतो. दुसरी वाट म्हणजे प्रकाश. योग्य तरंगलांबीचा प्रकाशकण येतो, रेणू तो गिळतो आणि वर चढतो. उतरण्याच्या वाटाही अशाच : धक्का लागून गुपचूप उतरायचं किंवा प्रकाशकण टाकून उतरायचं.

मी हा सगळा हिशेब गळक्या बादलीच्या चित्रावरून समजून घेतो. बादलीतलं पाणी म्हणजे वरच्या पायरीवर असलेल्या रेणूंची संख्या. वरचा नळ म्हणजे टकरी. तळाचं भोक म्हणजे प्रकाश टाकून उतरण्याची रेणूची सवय. भोक बारीक असेल तर मंद धारेनेही बादली भरलेली राहते. भोक मोठं असेल तर नळ पूर्ण सोडावा लागतो. मात्र या चित्रात एक दुरुस्ती हवी. बादली कोरड्या ओट्यावर ठेवलेली नाही, हौदात ठेवलेली आहे. हौदात जेवढं पाणी असेल, तेवढं भोकातून आतही शिरतं. नळ बंद असला तर बादलीतली पातळी आणि हौदातली पातळी एकच होते. भोक दोन्ही दिशांनी वाहतं, ही गोष्ट आइन्स्टाइनने १९१६ साली आपल्या समीकरणांत बांधून दाखवली. जो रेणू लवकर प्रकाश टाकतो, तोच रेणू लवकर प्रकाश गिळतो.

हौद कसला? १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या होमडेल इथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक न हटणारी खरखर सापडली. आकाशाच्या प्रत्येक दिशेने सारखीच येणारी, सुमारे ३.५ केल्विनची. विश्वाच्या तप्त बालपणातून उरलेलं हे प्रारण. आजचं अचूक मोजमाप २.७२५ केल्विन आहे. विश्वात जिथे जिथे रिकामी जागा आहे, तिथे हा हौद या पातळीपर्यंत भरलेला आहे.

ही बातमी आल्यावर काही जणांना मॅकेलर यांचा विसरलेला आकडा आठवला. सायनोजेनच्या रेणूचं भोक मोठं आहे. पहिल्या पायरीवरचा रेणू साधारण एका दिवसात प्रकाशकण टाकून खाली येतो. झीटासमोरचा ढग विरळ, त्यामुळे नळ जवळजवळ बंद. तिथला वायू स्वतः कितीतरी जास्त उबदार आहे, पण सायनोजेनला त्याची खबरच नाही. त्याच्या बादलीत हौदाचंच पाणी उभं आहे. १९६६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले पॅट्रिक थॅडियस आणि त्यांचे विद्यार्थी जॉन क्लाउझर यांनी हे मोजमाप २.६३ मिलिमीटर तरंगलांबीवरचं वैश्विक प्रारण म्हणून मांडलं. पेन्झियस-विल्सन यांनी काही सेंटिमीटरच्या लहरीवर ऐकलेली खरखर आणखी एका ठिकाणी पक्की झाली, तीही ताऱ्याच्या उजेडातल्या दोन रेघांच्या आधारे. हेच क्लाउझर पुढे पुंजभौतिकीतल्या गुंतलेल्या कणांवरच्या प्रयोगांसाठी २०२२ सालच्या नोबेलचे मानकरी झाले. मॅकेलर मात्र १९६० मध्येच वारले होते. विश्वाच्या जन्मखुणेचं तापमान आपण मोजलं होतं, हे त्यांना कळलंच नाही.

सायनोजेनची गोष्ट ही नळ बंद असतानाची. नळ सुरू असला तर?

आकाशगंगेतले दाट ढग मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे बनलेले असतात, आणि नेमका हाच रेणू मुका आहे. दोन्ही अणू अगदी सारखे असल्यामुळे त्याचं एक टोक धन आणि दुसरं ऋण असा भेद नसतो, आणि असा भेद नसलेला रेणू फिरला तरी रेडिओ लहरी ढवळत नाही. त्याची सगळ्यात खालची उपयोगी पायरीसुद्धा ५१० केल्विन उंच आहे, २८ मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशाची. दहा केल्विनच्या ढगात ती कोण चढणार? म्हणून ढगातल्या वस्तुमानाचा सर्वांत मोठा वाटा नजरेआड राहतो, आणि त्याची माहिती दहा हजारांत एखादाच असलेल्या कार्बन मोनॉक्साइडकडून काढून घ्यावी लागते. पोळ्यातली राणी दिसत नसली तरी माश्यांच्या हालचालीवरून तिचा ठाव लागतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे न दिसणारे बहुसंख्य आहेत.

कार्बन मोनॉक्साइड पहिल्यांदा सापडला १९७० साली, मृगातल्या तेजोमेघाच्या दिशेने, अॅरिझोनातल्या किट पीकवरच्या ३६ फुटी दुर्बिणीने. शोध लावणारे तिघे : रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियस. होय, तेच दोघे. पाच वर्षांपूर्वी त्यांनी हौद शोधला होता, आता त्यांना नळाखालची बादली सापडली. नोबेल त्यांना १९७८ मध्ये पहिल्या शोधाबद्दल मिळालं. माझ्या मते मात्र रोजच्या खगोलशास्त्राला दुसऱ्या शोधाने जास्त काम पुरवलं.

आकडे मांडून बघू. दहा केल्विनच्या ढगात हायड्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने फिरत असतात, साधारण आपल्या हवेतल्या आवाजाच्या वेगाने. वेग कमी नाही, पण गर्दी नाही. आपल्या खोलीतल्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये पंचवीसावर अठरा शून्यं इतके रेणू असतात. ढगात एक हजार असले तरी तो ढग बऱ्यापैकी दाट मानतात. अशा ठिकाणी कार्बन मोनॉक्साइडच्या एखाद्या रेणूची पायरी बदलणारी टक्कर साधारण वर्षातून एकदा होते. आणि वर चढलेला रेणू आपण होऊन प्रकाशकण टाकायला सरासरी पाच महिन्यांहून थोडा जास्त वेळ घेतो. वर्षाला एक आणि पाच महिन्यांना एक, हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपासचे आहेत. नळ आणि भोक यांचा मेळ इथेच बसतो. घन सेंटिमीटरला दोन-एक हजार रेणू झाले की टकरींचं पारडं जड होतं, बादली भरते, आणि रेणूच्या पायऱ्यांवरची गर्दी वायूचं खरं तापमान सांगू लागते. या सीमेला क्रांतिक घनता म्हणतात.

हायड्रोजन सायनाइडचं भोक याच्या तीनशे पट मोठं. पाच महिन्यांच्या जागी अकरा-बारा तास. त्याची बादली भरायला घन सेंटिमीटरला लाखांच्या घरात रेणू हवेत. म्हणून एकच ढग कार्बन मोनॉक्साइडमध्ये पाहिला तर ऐसपैस पसरलेला दिसतो आणि हायड्रोजन सायनाइडमध्ये पाहिला तर त्यातले मोजके घट्ट गोळेच उजळतात. तारे जन्माला येतात ते बहुधा या गोळ्यांमध्ये. याचा अर्थ हायड्रोजन सायनाइड फक्त गोळ्यांतच आहे असा नाही. बाहेरच्या विरळ भागातही तो असतो, पण तिथे त्याची बादली हौदाच्या पातळीलाच राहते. आणि पातळी हौदाइतकीच असली तर आपल्याला काहीच दिसत नाही. पार्श्वभूमीपेक्षा जास्त उजळ असेल तोच ढग दिसणार. विद्यार्थी इथे हमखास चुकतात : रेषा दिसली नाही म्हणजे रेणू नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

दुसऱ्या टोकाला हायड्रोजनचा सुटा अणू आहे. त्याची २१ सेंटिमीटरची लहर हेंड्रिक व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये कागदावर भाकीत केली आणि १९५१ मध्ये ती प्रत्यक्ष ऐकली गेली. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढंही नाही. अणूला आपण होऊन उतरायला सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं लागतात. तेवढ्या काळात त्याला असंख्य धक्के बसून जातात, त्यामुळे त्याची बादली जवळपास कायम नळाच्या पातळीला असते. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ज्या तीस अँटेना विखुरलेल्या दिसतात, त्या ही २१ सेंटिमीटरची लहर ऐकू शकतात. कार्बन मोनॉक्साइडची लहर त्यांना ऐकू येणार नाही. जवळ जाऊन पाहिलं तर कारण डोळ्यांना दिसतं : ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. वीतभर लांबीच्या लहरीला ती जाळी भिंतीसारखीच वाटते. अडीच मिलिमीटरची लहर मात्र चाळणीतून रवा गळावा तशी आरपार निघून जाईल. ही दुर्बीण उभी करणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी हलकी, स्वस्त आणि वारा सहन करणारी ही रचना मुद्दाम लांब लहरींसाठी निवडली. मिलिमीटर लहरींना हवेतल्या बाष्पाचाही जाच होतो. त्यामुळे त्यांच्यासाठी चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, ५००० मीटर उंचीवर, अल्मा दुर्बिणीच्या ६६ तबकड्या मांडाव्या लागल्या.

नळ आणि हौद एवढ्यावर सगळं भागलं असतं तर प्रकरण इथे संपलं असतं. पण काही रेणू नियमाबाहेर वागतात, आणि गंमत तिथेच आहे.

फॉर्माल्डिहाइड १९६९ मध्ये सापडला, सहा सेंटिमीटरच्या लहरीवर. काळ्या ढगांमध्ये पाहिलं तर त्याची रेषा उजळ नव्हती, उलट गडद होती. पाठीमागे कोणताही तारा नाही, तेजोमेघ नाही, नुसतं रिकामं आकाश. मग तो शोषून तरी काय घेत होता? वैश्विक प्रारणच. त्याच्या बादलीतली पातळी हौदाच्याही खाली गेली होती. हायड्रोजनच्या टकरी या रेणूच्या बाबतीत नळासारख्या वागत नाहीत, पंपासारख्या वागतात. जवळजवळच्या दोन पायऱ्यांपैकी खालच्या पायरीवर त्या जास्त रेणू ढकलतात. विश्वातली सगळ्यात थंड पार्श्वभूमी आणि तिच्यापेक्षाही थंड वाटणारा रेणू, असं हे अजब दृश्य.

याच्या बरोबर उलट वागणारेही आहेत. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॅट क्रीकच्या रेडिओ दुर्बिणीवर १८ सेंटिमीटरच्या आसपास एक रेषा इतकी तीव्र आणि इतकी बारीक आली की तिला गमतीने ‘मिस्टीरियम’ हे नाव पडलं. तो कोणताही नवा पदार्थ नव्हता. हायड्रॉक्सिल या ओळखीच्या रेणूचीच ती करामत होती. कसल्या तरी पंपाने वरच्या पायरीवर खालच्यापेक्षा जास्त गर्दी केली होती. अशा ढगातून एखादा प्रकाशकण गेला की तो वरच्या रेणूला हुसकावतो, दोन प्रकाशकण होतात, दोनाचे चार, आणि बघता बघता लोंढा होतो. लेसरचा हा रेडिओतला भाऊ, मेसर. माणसाने पहिला मेसर १९५४ मध्ये चार्ल्स टाउन्स यांच्या प्रयोगशाळेत अमोनिया वापरून बनवला. निसर्ग ते काम त्याच्या फार आधीपासून करत होता, कोणत्याही पेटंटविना.

टाउन्स इथेच थांबले नाहीत. अमोनिया-पाण्यासारखे रेणू ताऱ्यांमधल्या पोकळीत टिकणारच नाहीत, अतिनील किरण त्यांचे तुकडे करतील, असा तेव्हा बऱ्याच खगोलशास्त्रज्ञांचा समज होता. धुळीच्या आडोशाचा पुरेसा विचार कोणी केलेला नव्हता. १९६८ मध्ये टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅट क्रीकलाच आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेने अमोनिया शोधला, आणि पुढच्याच वर्षी पाण्याचा मेसर.

अमोनियाची करामत पाहायची तर पावसाळ्यात वाऱ्यावर निघालेली छत्री आठवावी. तीन हायड्रोजन एका बाजूला आणि नायट्रोजन टोकाला, अशी ही छत्री फटकन उलटी होते, पुन्हा सुलटी होते. या उलथापालथीतून सव्वा सेंटिमीटरची लहर निघते. अमोनियाच्या फिरण्याच्या काही अवस्थांचे जिने एकमेकांपासून तुटलेले असतात. एका जिन्यावरून दुसऱ्यावर प्रकाशकण टाकून जाता येत नाही, फक्त धक्क्यानेच जाता येतं. म्हणजे भोक नाही, नुसता नळ. अशा दोन जिन्यांवरच्या रेणूंची संख्या ताडून पाहिली की वायूचं तापमान मिळतं, तेही हौदाची भेसळ न होता. ढगातला सगळ्यात भरवशाचा तापमापक म्हणून आजही अमोनियाचंच नाव घेतात.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल एक अडचण सांगायची राहिली. तो इतका मुबलक असतो की ढगाच्या आतून निघालेला प्रकाशकण बाहेर पडण्याआधीच शेजारचा रेणू तो गिळतो. मग तो टाकतो, त्याच्या शेजारचा गिळतो. गर्दीत एकाने दुसऱ्याच्या हाती दिलेला निरोप बाहेर यायला वेळ लागावा तसं. याचे दोन परिणाम होतात. भोक अर्धवट बुजल्यासारखं होतं, त्यामुळे कमी घनतेतही बादली भरते. आणि आपल्याला दिसतं ते ढगाचं फक्त कातडं. आत डोकवायचं तर जड कार्बनचा मोनॉक्साइड शोधावा लागतो. त्याचे रेणू साठ-सत्तर पटीने कमी, लहर ११०.२ गिगाहर्ट्झ, आणि तो विरळ असल्याने त्याचा प्रकाश खोलातूनही सुटून येतो.

या कातड्याच्या जोरावरसुद्धा किती काम होतं! सायनोजेनवाले थॅडियस यांनी सत्तरच्या दशकात न्यू यॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या इमारतीच्या गच्चीवर, १.२ मीटरची एक चिमुकली तबकडी बसवली. गजबजलेल्या मॅनहॅटनच्या गच्चीवरून त्यांच्या चमूने आकाशगंगेतल्या कार्बन मोनॉक्साइडच्या ढगांचे नकाशे काढायला घेतले.

आता हाच हिशेब ढगाच्या बाजूने मांडून बघू. टक्कर बसून रेणू चढतो तेव्हा ती ऊर्जा येते कुठून? धडकणाऱ्या हायड्रोजनच्या गतीतून. म्हणजे वायूच्या उष्णतेतून. मग रेणू प्रकाशकण टाकतो, तो ढगाबाहेर निघून जातो, आणि ढग तेवढा थंड होतो. आपण ज्याला संदेश म्हणून ऐकतो, ती ढगाच्या दृष्टीने उष्णतेची गळती असते. ही गळती नसती तर ढग गुरुत्वाकर्षणाने आक्रसायला लागताच तापला असता आणि त्या दाबाने पुन्हा फुगला असता. दहा केल्विनपर्यंत उतरल्यामुळेच तो आक्रसत जाऊ शकतो.

हे आक्रसणं एका टप्प्यावर रेणूंच्याच मुळावर येतं. झीटा ज्या भुजंगधारीत आहे, त्याच तारकासमूहात बार्नार्ड ६८ नावाचा एक छोटा काळा गोळा आहे. त्याच्या आडचे तारे इतके साफ झाकले जातात की छायाचित्रात आकाशाला भोक पडल्यासारखं वाटतं. त्याच्या गाभ्याकडे कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा अधिकाधिक उजळ व्हायला हवा होता, कारण वायू तिथेच सगळ्यात दाट आहे. प्रत्यक्षात तिथे तेज कमी होतं. थंडी आणि गर्दी यांमुळे कार्बन मोनॉक्साइडचे रेणू धुळीच्या कणांवर बर्फासारखे चिकटून बसले आहेत. बर्फात अडकलेला रेणू फिरत नाही, फिरला नाही तर उतरत नाही, उतरला नाही तर त्याची लहर निघत नाही. केवळ कार्बन मोनॉक्साइडवर विसंबून राहिलेल्या माणसाला गोळ्याचा मध्य पोकळ वाटला असता. त्याच जागी अमोनियाची छत्री मात्र अजून उलटसुलट होत असते.